पोटातली आरोळी

शाळेतून चिठ्ठी आली, तुमची मुलगी तेवीस दिवस गैरहजर आहे, तब्येत सुधारली की पाठवा. मुलगी माझ्यासमोर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. शाळेतूनच आली होती. मी विचारलं, तेव्हा तिचे ओठ हलले. हजेरीला ती रोज 'हजर' म्हणते, पण बाईंपर्यंत ते पोचत नाही, मग बाई पुढचं नाव घेतात.

"मी बहुतेक नसतेच," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. डबा संपवला हे सांगावं तसं सांगितलं.

दोष आमचाच. अकरा महिन्यांपूर्वी बाळ घरात आलं. पहिल्याच आठवड्यात ते इतक्या वेळा दचकून उठलं, की आम्ही सगळ्या घराचाच आवाज काढून घेतला. दाराची घंटा उतरवली, बिजागऱ्यांना केसांचं तेल पाजलं, कुकर माळ्यावर टाकला. नवऱ्याला शिंक आली की तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात पळे, आतून कडी लावे आणि मिनिटाभराने सभ्य चेहरा करून बाहेर येई. माझ्या आईने तर फोनवर विचारलं, की तुमच्याकडे कुणी दगावलंय का गं, सगळी कुजबुजताय ती.

थोरली सात वर्षांची. तिने हे सगळं आमच्यापेक्षा मनावर घेतलं. टोस्टसुद्धा ती आधी दुधात मऊ करून घ्यायची, चावताना आवाज नको म्हणून. मी येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायची, किती समजूतदार आहे पोर.

चिठ्ठी आली त्याच आठवड्यात आम्ही तिला कराटेला घातलं. गाद्यांच्या दुकानावर एक लांबट खोली होती आणि दारावर पाटी, 'धीट व्हा'. शिकवणाऱ्या बाई एरवी फरश्या बसवायचं काम करत. त्यांचे गुडघे आणि गळा, दोन्ही दणकट. त्यांनी मला सांगितलं, लाथा काय, कुणालाही येतात. खरी चीज म्हणजे आरोळी, आणि तीही पोटातून. आरोळी नसेल तर लाथ म्हणजे नुसता पाय झटकणं.

थोरली सगळं झकास शिकली, फक्त बिनआवाजी. चटईवर आपटायची तीही कापूस पडावा तशी. आरोळीच्या वेळी तोंड उघडायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे बाहेर यायचे आणि आवाज शून्य. समोरच्याला कळायचंच नाही, हल्ला व्हायचाय की होऊन गेला. बाकीच्यांची आधी आरोळी आणि मागून पाय. हिचा थेट पाय. महिन्याभरात तिने वर्गातल्या झाडून सगळ्यांना लोळवलं.

मग पोरांनी तिची नक्कल सुरू केली. दुसऱ्या महिन्यात एकवीस मुलं तोंडाचा आ करून निःशब्द लाथा मारत होती. माशांची टाकी बघत बसल्यासारखं वाटायचं. बाईसुद्धा नकळत कुजबुजत आकडे मोजायला लागल्या. एकदा खालचा गादीवाला मुद्दाम जिना चढून आभार मानायला आला. पूर्वी गिऱ्हाईक गादी बघायला आडवं झालं की वरच्या आरोळीने ताडकन उठून बसायचं. आता ते घोरायला लागतं. त्याला उठवणं फार अवघड जातं, पण उठवलेला माणूस शरमेने गादी घेऊनच जातो.

परीक्षेची तारीख लागली आणि बाई भानावर आल्या. परीक्षक बाहेरचे येणार होते. आरोळी नाही तर पिवळा पट्टा नाही, आणि पट्टा नाही तर पुन्हा चार वर्षांच्या पिल्लांबरोबर उड्या मारा. इतर पोरांच्या आरोळ्या एका दुपारीत परत आल्या. थोरलीची येईना. रात्री जेवताना तिने मला विचारलं, पिल्लांमध्ये गेल्यावर तिथली हजेरी वेगळी असते का.

आम्ही सराव सुरू केला. उशीत तोंड खुपसून झालं, बादलीत तोंड घालून झालं. शेवटी दोघी कपड्यांच्या कपाटात शिरलो, कोटांच्या मागे. मी म्हटलं, आधी मी करून दाखवते. पोटातून सगळा जोर लावला आणि माझ्या तोंडून निघालं, "शूऽऽ."

आम्ही अंधारात एकमेकींना धरून हसलो, तेही आवाज न करता. नवऱ्याने दार किलकिलं करून ओठांवर बोट ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी त्याला कामावर जावं लागलं, म्हणून बाळ माझ्याबरोबर आलं, झोळीत, छातीशी झोपलेलं. मी भिंतीला टेकून बसले. परीक्षक थकलेले गृहस्थ होते. पुठ्ठ्यावर कागद लावून ते उभ्याउभ्या गुण लिहीत होते.

थोरलीची पाळी आली. ती वाकली, सरळ झाली, तोंड उघडलं आणि लाथ मारली. परीक्षक म्हणाले, परत. तिने परत मारली. त्यांनी मान झटकली, स्वतःच्या कानाजवळ दोनदा चुटकी वाजवली. ती ऐकू आल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. "बाळा, आवाज कुठे ठेवून आलीस?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे झोळीकडे. तेव्हा मला उमगलं, की प्रत्येक वेळी तोंड उघडल्यावर ती इकडेच बघत होती. ती परवानगी मागत होती. बाळ आलं तेव्हा दिलेला हुकूम मागे घ्यायचं आम्ही विसरूनच गेलो होतो.

मी उठले, चटईपर्यंत गेले. पहिल्यांदा नुसते ओठच हलले. मग खाकरून म्हणाले, "उठलं तर उठू दे." माझाच आवाज मला परका वाटला. "रडलं तर मी आहे ना. तू ओरड."

तिने पाय रोवले.

ते काय होतं हे मला सांगता येणार नाही. खिडक्यांची तावदानं झणझणली. खाली धप्पकन काहीतरी पडलं, आणि ते गिऱ्हाईकच असणार. परीक्षकांनी पुठ्ठा छातीशी कवटाळला. बाळाने दोनदा ओठ चोखले, मान दुसऱ्या कुशीला टाकली आणि झोपून राहिलं.

मला नवऱ्याच्या त्या सगळ्या शिंका आठवल्या.

परीक्षकांनी श्वास सावरून लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं, आरोळी उत्तम, लाथ झालेली नाही, सबब नापास. मी भांडायला पुढे सरसावले, पण थोरली माझ्याआधी त्यांच्यासमोर उभी होती.

"लाथ झाली. तुम्ही डोळे मिटले होते."

"मी?"

"हो. घट्ट." आवाज अख्ख्या खोलीला पुरला. "परत मारते. या वेळी उघडे ठेवा."

परीक्षकांनी शिकवणाऱ्या बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. मग परीक्षकांनी आपलं वाक्य खोडलं, दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि खरोखरच डोळे मोठे केले.

"बघताय ना?" थोरलीने विचारलं.

"बघतोय," ते म्हणाले.

माझा हात सवयीने बाळाच्या कानाकडे गेला होता. तो मी खाली घेतला.