कबुतरांआडचे हेडमास्तर

कंधारच्या बसस्टँडसमोर ताहेरमामूचा व्हिडिओ स्टुडिओ आहे आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग तिथंच एडिट होतं. मामूच्या कामाची खूण म्हणजे कबुतरं. पंधरा वर्षांपूर्वी हैदराबादहून आणलेल्या सीडीतलं ते एक प्लगइन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा. बटण दाबलं की पांढरा थवा फडफडत यायचा आणि सगळा स्क्रीन भरून टाकायचा. हळदीत कबुतरं, पंगतीत कबुतरं, निकाहात तर हमखास.

मामूची भाची नाजिया नांदेडहून एडिटिंगचा कोर्स करून आली होती. तिला या कबुतरांची भारी लाज वाटायची. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडं लग्नात अक्षता टाकतात की कबुतरांचे दाणे?"

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधीचीच आली होती, पण ती जुनं प्लगइन चालवून घेत नव्हती. म्हणून मामूनं मॉनिटरच्या कडेला लाल पेनानं लिहून चिकटवलं होतं : अपडेट करू नये.

मामू दोन दिवसांच्या लग्नाला शिरूर अनंतपाळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता नाजियानं अपडेट केलं.

अर्ध्या तासानं एक यादी समोर आली. हे इफेक्ट या आवृत्तीशी जुळत नाहीत. यादीत पहिल्या नंबरावर कबुतरं. नाजियानं मनातल्या मनात त्यांना खुदा हाफिज म्हटलं आणि "मामू, आपोआप झालं बघा" हे वाक्य दोनतीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा ते तिला स्वतःलाही पटलं.

एवढ्यात कावेरीबाई आल्या. रिटायर्ड हेडमास्तर भगवानरावांच्या बायको.

"पोरी, आमच्या अंबिकाच्या लग्नाचं झालं का गं? आमचे हे दोनदा येऊन बघून गेले. मला म्हणतात, तयार झाल्यावर बघ. मुलगी माझी न्हाई का?"

"बसा ना, लावते की," नाजिया म्हणाली. कबुतरांशिवायचं लग्न कसं दिसतं, हे तिलाही बघायचंच होतं.

भगवानराव शिस्तीचा माणूस. लग्नाआधी त्यांनी घरात फर्मानच काढलं होतं : आपल्या बाजूचं कुणीही बँडपुढं नाचणार नाही. वरातीत नाचणाऱ्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं होतं. तो मेव्हणा, म्हणजे कावेरीबाईंचा भाऊ, तेव्हापासून त्यांचा फोन उचलत नव्हता.

हळद झाली. मग नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघाला; कावेरीबाई तेव्हा मांडवातच होत्या. इथं दीड मिनिट सलग कबुतरं होती, हे नाजियाला पक्कं आठवत होतं. आता तिथं बँड होता, नवरदेवाकडची मुदखेडची पाहुणेमंडळी होती आणि मधोमध, दातांत रुमाल धरून, दोन्ही हातांची फडी करून भगवानराव नागासारखे डुलत होते. फेटा कुठंतरी पडलेला. नवरदेवाचा मामा समोर पुंगी वाजवल्यासारखे हात हलवत होता. बघता बघता हेडमास्तर गुडघ्यावर बसले आणि तसेच पुढं सरकू लागले.

"थांब," कावेरीबाई म्हणाल्या. "मागं घे. हे कोण हाय?"

"सर दिसतात."

"दिसत न्हाईत, हाईतच. पुन्हा लाव."

नाजियानं सहादा लावलं. सहाव्यांदा कावेरीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू काही आत राहीना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "चौतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्यासंगं एकदा गरब्यात टिपरी धरली न्हाई या माणसानं!"

नाजियानं बाहेर जाऊन मामूला फोन लावला. पाठ करून ठेवलेलं वाक्य तिला आठवलंच नाही. "मामू, अपडेट केलं. कबुतरं गेली."

पलीकडं बँड वाजत होता; मामू त्यापासून जरा लांब सरकला.

"बेटा," मामू हळूच म्हणाला, "ती शोभेची कबुतरं न्हवती. झाकणं व्हती. ज्याची इज्जत जिथं उघडी पडली, तिथं मी एक थवा सोडला. कुणाला दाखवलं न्हाईस ना?"

नाजियानं काचेतून आत पाहिलं. कावेरीबाईंनी स्वतःच्या हातानं सातव्यांदा लावलं होतं.

आणि त्याच घडीला बायकोला शोधत भगवानराव दारात आले. "काय बघून राहिलीस?"

"कबुतरं," कावेरीबाई म्हणाल्या.

भगवानरावांनी स्क्रीनकडं पाहिलं. तिथं ते गुडघ्यावर होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला. ते अजून गुडघ्यावरच होते.

"ताहेरभाईंनी मला शब्द दिला होता!"

"सर, जुनं प्लगइन नव्या सॉफ्टवेअरवर चालत नाही," नाजिया शक्य तितक्या गरीब आवाजात म्हणाली.

"मग जुनंच चालू करा!"

"होईल की, मामू आल्यावर," कावेरीबाई मध्येच बोलल्या. "भावकीला कबुतरांचंच द्या. पण आधी माझ्या भावाला फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर. चुकलं म्हणा."

शाळेत चारशे पोरांना उभं करणारे सर स्टुडिओतल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी फोन लावला. मेव्हण्यानं उचलला नाही. मग कावेरीबाईंनी आपल्या फोनवरून लावून त्यांच्या हातात दिला. "हां... मी बोलतोय... ते वरातीतलं... माझं चुकलंच," एवढं बोलताना सरांना घाम फुटला. पलीकडचा माणूस काय म्हणाला कोण जाणे, पण सर शेवटी "या, या, रविवारी जेवायलाच या" म्हणाले.

संध्याकाळी मामू परतला. नाजियाला चार शब्द सुनावले, चहा प्याला, मग कपाटातला जुना कॉम्प्युटर काढून त्यावर जुनं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्याची इंटरनेटची वायरच काढून टाकली. अपडेट झालेला कॉम्प्युटर नाजियाला दिला. "तिकडं तुझं काम. झाकायचं काही निघालं तर इकडं आण."

चार दिवसांनी दुपारच्या सामसूम वेळी भगवानराव एकटेच आले. मामू नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"तो भाग... परण्याचा," ते भिंतीवरच्या फोटोंकडं बघत म्हणाले. "मोबाइलवर येतो का?"

"येतो की सर."

"आणि शेवटी मला जरा दम लागल्यासारखा दिसतो. तेवढं कापून टाक."