मागे येणारा हात

केस पिकले तरी चिमी चिमीच राहिली होती. दादापेक्षा धाकटी म्हणून चिमी, आणि लग्न झालं नाही म्हणूनही चिमीच. दादाच्या स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकं तर तिला तेवढंही म्हणत नसत. "त्या बॅगवाल्या बाई येणार ना बरोबर?" एवढंच विचारत.

बॅगवाली म्हणणं काही खोटं नव्हतं. दादा समारंभांचे फोटो काढायचा. शाळेची बक्षिसं, कचेरीतले निरोप, लग्नं, उद्घाटनं. आणि चिमी त्याच्या मागे लेन्सच्या दोन बॅगा घेऊन उभी राहायची. जड बॅग उजव्या खांद्यावर. तिथं पट्ट्यानं एक खाच पाडली होती, ब्लाउज शिवणारी बाई दरवेळी मापाला अडायची.

दादा मागे वळून कधी बघत नसे. उजवा डोळा कॅमेऱ्याला आणि डावा हात पाठीमागे. तळवा सपाट असला की अख्खा हॉल टिपणारी रुंद लेन्स. बोटं अर्धी मिटलेली असली की लांबची. अंगठा आत वळला की कमी उजेडात चेहरे काढणारी, ती आखूड, जड, बापानं मागे ठेवलेल्या ठेव्यासारखी जपलेली. हे त्या दोघांत कधी बसून ठरलं नव्हतं. एका हातानं जुनी घ्यायची, दुसऱ्या हातानं नवी त्याच्या तळव्यात ठेवायची, बस. लेन्स कधी पडली नाही. उलट कितीदा तरी हात मागे येण्याआधीच तिची लेन्स तयार असे. भाषण करणारा पाणी प्याला की आता त्याला भरून येणार, आणि मग दादाला चेहरा लागणार, हे तिला त्या पेल्यावरूनच कळायचं.

सकाळी चहाच्या आधी सगळ्या लेन्स पुसायच्या, हा तिचा नेम. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग कापड, मधून बाहेर गोल गोल. तोंडाची वाफ द्यायची नाही. देवाचं नाव घ्यायला तिनं निराळा वेळ कधी काढला नाही, ते पुसता पुसताच व्हायचं. तिला ताप असो की बाहेर वादळ, नेम चुकला नाही. वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "वन्सं, तुमची पूजा आटोपली की सांगा, चहा गाळते." त्यात टोमणा किती आणि माया किती हे चिमीनं कधी मोजलं नाही. मोजू नये अशा काही गोष्टी असतात.

मग दादाची कंबर गेली. एका समारंभात तो खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. दोघांनी धरून उभा केला. डॉक्टरांनी सांगितलं, वजन कमी करा. वहिनी म्हणाली, "ह्यांचं की कॅमेऱ्याचं?" डॉक्टर म्हणाले, "दोन्ही."

त्यानंतर आठवडाभरात कॅमेऱ्याचा दुकानदार स्वतः एक खोकं घेऊन स्टुडिओत आला. बोलका माणूस. खोकं उघडतानाच सुरू झाला.

"दादासाहेब, हा बघा. सुपरझूम. लेन्स बदलायची भानगडच नाही, कारण बदलताच येत नाही! जन्माची गाठ. इकडं बोट दाबलं की अख्खी खोली, तिकडं दाबलं की समोरच्या डोंगरावरची शेळी. शेळीच्या कानातली माशी."

"आणि माशीच्या डोळ्यातला मोतीबिंदू," दादा म्हणाला.

"तोही येईल, उजेड असेल तर!" दुकानदार हसला. चिमीनं ते "उजेड असेल तर" मनात ठेवून दिलं.

"ठेवा तुमच्याकडे. वापरून बघा, मग बोलू," दुकानदार म्हणाला.

तो गेल्यावर दादानं कॅमेरा उचलला, एका हातात झुलवला आणि चिमीकडे दिला. "तू बघ. माझं मन आत्ताच पाघळलंय, मला दोष दिसायचे नाहीत. तुझी नजर खरी. काय चांगलं, काय वाईट, सगळं तोलून सांग. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते. हे शब्द तिला फार गोड लागले. त्या गोडीतच ती जिना चढून गच्चीवर गेली.

कॅमेरा चालू केल्याबरोबर त्याची सोंड बाहेर आली. हलका, खेळण्यासारखा. तिनं झूमची कळ दाबली, आणि गच्च्या, तारा, पत्रे पुढं पुढं येत गेले. लांबच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. तारेवरच्या पक्ष्याच्या मानेवरचं एक पीस उलटं फिरलेलं दिसलं, आणि तिला हसूच आलं. तिच्या बॅगेतली सगळ्यात लांबची लेन्स तिथवर पोचली नसती, खोटं कशाला बोला. मग कुठल्याशा गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालता घालता रडताना दिसली. आपलं तोंड ओल्या चादरीआड लपवून. चिमीनं चटकन कॅमेरा खाली घेतला. देवानं माणसाला जेवढं दिसायला दिलं तेवढंच पुरे होतं, असं तिला वाटलं. पण हा काही कॅमेऱ्याचा दोष नव्हे, म्हणून तिनं तो दोषांत धरला नाही.

मग ती खाली आली, स्टुडिओतले मोठे दिवे मालवले, एकच बारका दिवा ठेवला आणि वहिनीला खुर्चीवर बसवलं.

"माझा कशाला? अंघोळ नाही, केस नाहीत विंचरलेले."

"बसा हो, तुमच्या केसांची परीक्षा नाहीये."

लांबून झूम करून तिनं फोटो घेतले. कॅमेरा नेम धरायला चाचपडला, आत-बाहेर, आत-बाहेर, आंधळ्यानं कडी शोधावी तसा. फोटो मोठा करून बघितला. वहिनीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, ओठांवरची बारीक लव, कपाळावरची देवीची खूण, सगळं पुसून गेलेलं. अंधारात काढलेल्या फोटोत उठतात तसे रवाळ दाणे कॅमेऱ्याला दिसले होते आणि ते लपवायला त्यानं चेहऱ्यावरून लोणी फिरवावं तसं काहीतरी केलं होतं. मेणाची वहिनी. चिमीनं मग आपली आखूड लेन्स जुन्या कॅमेऱ्याला लावून तिथूनच, त्याच उजेडात एक फोटो घेतला. त्यात वहिनी लहान दिसत होती, पण वहिनी होती.

रात्रीच्या जेवणानंतर दादानं विचारलं, "हं. आधी चांगलं सांग."

चिमीनं हात पुसले, पदर सारखा केला. तराजू धरायचा तर आपण पारड्यात बसू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती खालच्या आवाजात सांगू लागली.

"हलका आहे. तुझ्या कंबरेला बरा. जवळचं, लांबचं एकातच. लेन्स काढायची नाही म्हणून आत धूळ जायची नाही. बदलता बदलता क्षण निसटतो, तो निसटायचा नाही. लांबचं तर फारच बघतो."

"बरं."

एक गुण राहिला होता. तो आपण गाळला तर कुणाला कळणार नाही, हे तिला कळत होतं. पण देवाला कळेल, आणि मग उद्या सकाळी लेन्स पुसताना त्याचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं? शिवाय, खरं सांगायचं तर, तिच्या मनात एक वेडी आशा होती. हे आपण आपल्या तोंडानं सांगितलं की दादा लगेच म्हणेल, "ए वेडे, हा कुठला गुण? हा तर सगळ्यात मोठा दोष!" तेवढंच एक वाक्य तिला ऐकायचं होतं. एवढ्या वर्षांत ते कधी ऐकायची गरजच पडली नव्हती.

"आणि," ती म्हणाली, "मागे कुणाला उभं राहावं लागत नाही. एकट्या माणसाला सगळं जमतं."

दादानं मान हलवली. "हो ना. तेच तर म्हणतोय मी. तुझ्याही खांद्याला आराम."

वहिनीनं ताटं उचलली. चिमी टेबलावर पेल्यानं उठवलेल्या ओल्या वर्तुळाकडे बघत राहिली. पाणी प्यायलं की आता कुणाला भरून येणार हे तिला ओळखता यायचं. तिनं पाणी प्यायलं नाही.

"आता वाईट."

"उजेड कमी झाला की चेहरे पुसतो. हॉलमध्ये तुझे निम्मे फोटो कमी उजेडातलेच असतात. लांब गेलं की हात थोडा हलला तरी चित्र डुलतं. आणि नेम धरायला वेळ लावतो. माणूस हसून मोकळा होईल, हा चाचपडतच असेल. हे बघ, वहिनींचे दोन फोटो. हा ह्याचा, हा आपला."

दादानं दोन्ही बघितले. वहिनीही हात पुसत आली, खांद्यावरून वाकली आणि खळखळून हसली.

"अगंबाई! ह्यात मी किती छान दिसतेय!" बोट मेणाच्या वहिनीवर होतं. "आणि वन्सं, तुम्ही त्याचे दोष सांगणारच की. बैलाला ट्रॅक्टर कसा वाटला असं विचारल्यासारखंच झालं हे!"

"तसं नाही गं," दादा म्हणाला. पण म्हणताना तोही हसला, आणि त्यानं दुसरा फोटो पुन्हा बघितला नाही.

स्वतःच्या विरुद्धचं खरं चिमीनं सांगितलं ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि त्याच तोंडानं सांगितलेलं बाकीचं खरं मात्र मत्सर ठरलं. तिनं तो गुण गाळला असता तर ती खोटी ठरली असती. सांगितला, तरी खोटीच ठरली. पहिलं खोटं निदान पचलं तरी असतं.

कॅमेरा राहिला.

पहिला समारंभ दादानं एकट्यानं केला. कुठल्याशा कचेरीतला निरोप, पडदे ओढलेला हॉल. फोटो आले तेव्हा चिमीनं ते संगणकाच्या पडद्यावर एकेक मोठे करून पाहिले. भाषण करताना ज्यांची तोंडं रडवेली झाली होती त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कॅमेऱ्यानं ते दाणे समजून पुसलं होतं. "दादा, हे दाखवायच्या आधी एकदा..." ती म्हणाली.

"बघू देत त्यांना. म्हणाले तर म्हणाले."

कचेरीतले लोक आले, आपापल्या फोनवर फोटो घेतले, बोटाएवढे करून पाहिले. "वा! सगळे दहा वर्षांनी लहान दिसतायत. दादा, आधीचे फोटो जरा कडकच यायचे हो तुमचे, सुरकुती न् सुरकुती मोजून." दादानं चिमीकडे पाहिलं नाही. वाईट वाटून नव्हे. पाहायचं लक्षातच आलं नाही.

जुन्या लेन्स विकत घ्यायला तोच बोलका दुकानदार आला. एकेक उजेडापुढं धरून आत बुरशी शोधत होता. सापडेना. "ताई, ह्या वापरल्यात का देवघरात ठेवल्या होत्या?" चिमी म्हणाली, "दोन्ही." त्याला वाटलं विनोद केला. कपाट रिकामं झालं तशी वहिनीनं त्यात जादा चादरी लावल्या, आणि अगदी मनापासून म्हणाली, "वन्सं, आता सकाळी निवांत उठत जा हो. किती केलंत आजवर!" आराम कर, असं ज्याला सगळे सांगतात त्याला काय सांगितलेलं असतं, हे सांगणाऱ्याला कधी कळत नाही. चिमी रोजच्या वेळेलाच उठत राहिली. रिकाम्या हातांनी नाव घ्यायला बसली, पण ते मधून बाहेर गोल गोल जायचं, आणि धरायला काही नसल्यामुळे निसटायचं.

मग जिथं हे दोघं दरवर्षी बक्षिसांचे फोटो काढत, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त व्हायच्या होत्या. बाईंचा फोन आला. फोटो दादानंच काढायचे, आणि "त्या तुमच्या भगिनींना पाहुण्या म्हणून पाठवा. जन्मभर उभ्या राहिल्या आमच्याकडे, एकदा तरी बसू देत."

चिमी चांगली साडी नेसून गेली. खांद्यावर काही नव्हतं, तरी उजवीकडची बॅग तोलायच्या सवयीनं चालताना अंग उगाच डावीकडे जात होतं. तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतका जवळ, दादा पाठमोरा उभा होता. आजवर ह्याच पाठीकडे पाहत ती उभी राहिली होती. फक्त ह्यावेळी बसून बघत होती.

तिला एक खात्री होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. कॅमेरा बदलला, लेन्स गेल्या, पण हात कसा विसरेल? जेवताना सुद्धा मीठ हवं असलं की दादाचा डावा हात तसाच मागे यायचा, वहिनी त्यावरून हसायची. एकदा तरी तो मागे येईल. नुसता येईल, रिकामा, सवयीनं. तेवढं तिला पुरणार होतं. त्याला काही द्यायचंसुद्धा नव्हतं.

भाषणं सुरू झाली. मुलांनी गाणं म्हटलं. हॉलमधला उजेड कमी केला. मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या, चार वाक्यं बोलल्या आणि पाण्याच्या पेल्याकडे हात नेला.

चिमीचा अंगठा आपोआप आत वळला. आता. बाईंना आता भरून येणार. आता चेहरा.

बाईंनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि त्यांचा आवाज चिरला. चिमी नकळत खुर्चीवरून अर्धी उठली.

"ओ बाई, बसा ना," मागून कुणीतरी म्हणालं, "दिसत नाहीये."

ती बसली. दादा उजव्या हातानं कॅमेरा धरून उभा होता, बोटानं कळ दाबत, आरामात. आत-बाहेर, आत-बाहेर कॅमेरा नेम शोधत होता. आणि डावा हात खिशात होता.