शालीची सुलटी बाजू

कला दोन पिढ्यांना जोडते, यात वाद नाही. नवाबपुऱ्याचे हिमरू विणकर गयासभाई आणि डिझाइन शिकून आलेला त्यांचा मुलगा अफजल यांना तिनं इतकं घट्ट जोडलं, की दोघांच्या संयुक्त प्रदर्शनाच्या सकाळी ते एकमेकांशी फक्त रईसाबींमार्फत बोलत होते. रईसाबी एकाची बायको आणि दुसऱ्याची आई, त्यामुळे त्यांना या कामाची सवय होती.

भांडण शालीवरून होतं. गयासभाईंनी विणलेली शेवटची हिमरू शाल अफजलनं दालनाच्या मुख्य भिंतीवर टांगली होती, पण उलटी. वेलबुट्टी भिंतीकडं आणि मागचे लोंबते, गुंतलेले धागे लोकांकडं.

"इसको पूछो, उल्टी कायकू टांगी?" गयासभाई रईसाबींना म्हणाले.

अफजलचं उत्तर आईमार्फत आलं. हिमरू पालथंच विणतात, मागावर अब्बांच्या नजरेसमोर जन्मभर हीच बाजू होती, त्यांची खरी मेहनत हीच.

"मेहमान को दस्तरखानपे बिठाते," गयासभाई भिंतीला म्हणाले, "मोरीपे नहीं बिठाते."

"दोनों मिलके मेरेकोच टांगो," रईसाबी म्हणाल्या आणि खुर्च्या पुसायला गेल्या.

गयासभाईंचा राग वेगळाच होता. ही शाल त्यांनी आप्पासाहेबांना दाखवायला विणली होती. आप्पासाहेबांचं मकबऱ्याच्या रस्त्यावर शालींचं दुकान. पूर्वी ते गयासभाईंचाच माल घेत. मग मशीनचा माल आला आणि एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत ते म्हणाले, "हातची अन् मशीनची, फरक कळतो कुनाला, गयासभाई? मलाच नाय कळत."

गयासभाईंनी वाद घातला नाही. घरी येऊन मागावर बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असताना, एकही बुट्टी केसभर सरकू न देता त्यांनी शाल पुरी केली आणि मग माग मोडून टाकला. आज तेच आप्पासाहेब प्रमुख पाहुणे होते. चहा-समोसे त्यांच्याकडून असल्यामुळे दुसरं कुणी प्रमुख असणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी दालन भरलं. लोक लोंबत्या धाग्यांपुढं मान तिरकी करून उभे राहिले. मान तिरकी केली की कळल्यासारखं दिसतं. पुण्यात हॉटेल असलेल्या एक बाई म्हणाल्या, "किती वेदना आहे यात!" गयासभाईंच्या कमरेत वेदना होती, पण तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

अफजलनं माइक घेतला. "माझे वडील हेच माझे पहिले गुरू," असं तो म्हणत होता, तेवढ्यात गुरूंनी भिंतीवरून शाल काढली, फिरवली आणि पुन्हा अडकवली. सुलटी.

दिव्याखाली रेशीम पाण्यासारखं चमकत होतं. वेली, पानं, फुलं, सगळं जागच्या जागी.

"आप्पासाहेब," गयासभाई म्हणाले, "आता बघा."

आप्पासाहेब पुढं आले. चष्मा लावला, बुट्ट्यांवरून बोट फिरवलं, किनार चिमटीत धरून पाहिली.

"लई सुबक," आप्पासाहेब म्हणाले. "एका धाग्याची चूक नाय. हाय ना अशी आपल्याकडं, निळ्यातबी हाय. कुठून मागवली?"

"घरी विणली. हातानं."

"व्हय का?" आप्पासाहेबांना खरंच वाईट वाटलं. "मग एवढा तरास कशापायी घेतला?"

"अच्छा, शालच आहे होय," पुण्याच्या बाई म्हणाल्या. लोकांच्या माना सरळ झाल्या आणि समोशांकडं वळल्या.

अफजल वडिलांजवळ आला. दिवसभरात पहिल्यांदाच थेट बोलला.

"अब्बा, फिरवू?"

गयासभाईंनी शाल स्वतः काढली आणि त्याच्या हातात दिली.

पुण्याच्या बाईंनी ती त्याच संध्याकाळी घेतली. आता ती त्यांच्या हॉटेलात लिफ्टशेजारी काचेच्या चौकटीत आहे, धागे बाहेरच्या बाजूला. मागून प्लायवूड लावलंय, शाल त्यावर चिकटवलेली आहे.