शेठ पुढे, गुण मागे

सापगावच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, डोळखांब विरुद्ध मुरबाड. पण मोठ्या पडद्यावर महादूशेठच जास्त खेळले. जमिनींची दलाली करणारे हे गृहस्थ स्पर्धेचे प्रायोजक. सकाळीच त्यांनी तक्रार केली होती, "माझा फोटो कधी येतो, कधी जातो, कळतच नाय. चषक काय मी तोंड लपवायला दिलाय?"

पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपवर दोन प्रोग्राम चालू होते. एकात दर्शना गुण भरत होती, दुसऱ्यात शेठचे हसरे फोटो फिरत होते. फोटोंची खिडकी घडोघडी पुढे आणायचं काम शेठच्या पुतण्याकडे, दिपेशकडे आलं. त्यासाठी त्याने तिसरा, छोटासा प्रोग्राम लिहिला. तो चालेना.

संगणकाला एक चांगली सवय असते. माणूस ज्या खिडकीत काम करतो, तिच्यापुढे तो दुसऱ्या कुणाला सहसा घुसू देत नाही. फार तर खालच्या पट्टीवर त्या प्रोग्रामचं चिन्ह लुकलुकतं : दारात कुणी आलंय, सवडीने बघा. एवढी रीत मंडपातल्या पहिल्या रांगेलाही नव्हती. तिथे नारळ-शालीसाठी एकेक पाहुणा मिनिटामिनिटाला उठून उभा राहत होता.

दिपेशने युक्ती शोधली. कीबोर्डवरची आल्ट ही कळ दाबली की माणसालाच खिडकी बदलायची आहे असं संगणक समजतो. ती माणसानेच दाबली असं प्रोग्रामने भासवायचं आणि लगेच फोटोंची खिडकी पुढे ढकलायची. संगणक फसला.

"अरे, मी गुण टाकताना हे मध्ये आलं तर?" दर्शनाने विचारलं. "जी खिडकी पुढं असेल, कळ तिलाच लागते."

"काय घाबरतेस गो! काकांना दुखवू नको."

शेवटची चढाई. डोळखांब एका गुणाने मागे. त्यांची अनिता गेली, दोघींना शिवली आणि मध्यरेषा पार करून परत आली. पंच साईनाथ सरांनी दोन बोटं वर केली, दर्शनाने दोनची कळ दाबली. त्याच क्षणी शेठ पुढे आले. कळ त्यांना लागली आणि पडद्यावर त्यांचा दुसरा फोटो झळकला, गॉगल लावलेला. शिट्टी वाजली, सामना संपला. फोटो सरला तेव्हा पडद्यावर मुरबाड एका गुणाने पुढे होतं.

शेठनी माइक घेतला. "विजयी संघ, मुरबाड!"

"ओ शेठ!" अनिता ओरडली. "आमी पोरींना शिवलो, स्क्रीनला नाय! सर, तुमी बोटं वर केली का नाय?"

साईनाथ सरांनी शेठकडे पाहिलं, मग पडद्याकडे. दर्शना गुण दुरुस्त करायला गेली की शेठ पुढे. दिपेश स्वतःचा प्रोग्राम बंद करायला गेला की पुन्हा शेठ पुढे.

"स्क्रीनवर आहे तेच खरं," शेठ म्हणाले.

दर्शनाने पडद्याची वायरच उपटली. पडदा काळा झाला.

"आता सांगा सर, काय दिसलं?"

आता सरांना बघायला फक्त अनिता उरली. त्यांनी दोन बोटं वर केली, या वेळी जरा उंच. मैदान उसळलं. मुरबाडच्या कप्तानानेच पुढे होऊन अनिताच्या पाठीवर थाप मारली.

चषक देताना शेठ दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. फोटोवाला खाली बसला, पुन्हा उठला.

"शेठ, जरा मागं सरा. पोरी दिसत नायत."