शंभर टक्के पाहिलं

भातकुलीजवळच्या आमच्या गावात इंटरनेटची रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. म्हणून शेजारच्या पंचफुलाचा फोन मध्ये धरून आम्ही सातजणी तिथं दाटीवाटीनं बसलो होतो. फवारणीचं औषध विकणाऱ्या कंपनीनं प्रशिक्षण फोनवरच ठेवलं होतं, थेट. मागच्या साली यवतमाळकडे फवारताना माणसं दगावली, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारलेले.

तज्ज्ञांनी दोन बाटल्या हातात घेतल्या. पंचफुलाच्या ओसरीत ठेवलेल्या त्याच दोन. म्हणाले, "ही दोन औषधं एकत्र केली, तर..."

आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं. तज्ज्ञांचं तोंड उघडं ते उघडंच.

"तर काय? बोला ना बाप्पा!" पंचफुला फोनलाच विचारत होती.

गोल थांबलं तेव्हा तज्ज्ञ हात जोडून धन्यवाद म्हणत होते. मग त्याचंच रेकॉर्डिंग लावलं, तेही तिथंच अडकलं. हेल्पलाईनला फोन केला, तर तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचं प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण झालं आहे. अभिनंदन!"

पंचफुलाचा नवरा देवमन दुसऱ्याच दिवशी सकाळी फवारणार होता. कपाशीवरची बोंडअळी काही कोणासाठी थांबत नाही. "एकत्र केली तर लवकर गुण येते, हेच म्हणत असतीन," तो म्हणाला. "नाई तर दोन्ही बाटल्या हातात कायले घेतल्या असत्या?" बाटलीवरची अक्षरं तिळाएवढी. सुईत दोरा ओवायच्या माझ्या चष्म्यातूनही दिसेनात.

"देवमनभाऊ, आमचा फोन येईपर्यंत फवारू नका," मी बजावलं. शिवायला घेतलेले सहा ब्लाऊज अर्धे टाकून मी आणि पंचफुला सकाळी पहिल्या बसनं अमरावतीला, कंपनीच्या ऑफिसात.

तिथले नितेश साहेब तिशीतले. भिंतीवर हा एवढा टीव्ही, आणि त्यावर आमचंच प्रशिक्षण असं लख्ख की तज्ज्ञांच्या मिशीतले पांढरे केस मोजून घ्यावेत.

"आमच्याकडून एकदम क्लिअर आहे, ताई. तुमचा फोन जुना असेल."

"मंग कापूस तुमच्या टीव्हीवरच लावा ना," पंचफुला म्हणाली.

मी तिचा फोन त्यांच्या हातात दिला. साहेब खिडकीत गेले, गॅलरीत गेले. गोल फिरत राहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मोठ्या साईजचा व्हिडिओ आहे ना. तीन-चार साईज करून ठेवल्या, तर नेटवर्क कमी असेल तिथं आपोआप लहान जातो. आम्ही एकच केली. वरच्या साहेबांना टीव्हीवर दाखवायचा होता."

माझं डोकंच सणकलं. "साहेब, मी पंचवीस वर्षांपासून ब्लाऊज शिवते. गावातल्या सगळ्या बायांना एकाच मापाचं शिवलं आणि वहीत लिहिलं, सगळ्यांना बसलं, तर बाया मला मशीनसकट नाल्यात टाकतील. तुम्हाला अजून कोणी कसं नाही टाकलं?"

"पण रिपोर्टमध्ये तुमचं शंभर टक्के..."

"ते राहू द्या. 'तर' नंतर काय आहे?"

"तर धोका आहे. अजिबात एकत्र करू नका, असं आहे."

पंचफुलानं तिथूनच देवमनला फोन लावला. "काय करून राहिले तुमी?"

"दोन्ही बादलीत ओतले. ऊन चढून राहिलं, आता भरतो पंपात."

"हात नका लावू!" ती अशी ओरडली की बाहेरचा शिपाई आत आला. साहेबांनी फोन हिसकावून घेतला. बादलीपासून दूर व्हा, साबणानं हात धुवा, जनावरं लांब बांधा, आमचा माणूस निघतोच आहे. सगळं दोन-दोनदा सांगितलं.

"वाचले, ताई," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"एक वाचला. हे शंभर टक्केवाले आहेत तरी किती?"

"दोनशे चौदा. संध्याकाळी सगळ्यांना मेसेज टाकतो. सोबत व्हिडिओची लिंक..."

"लिंक!" पंचफुलानं कपाळावर हात मारला.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "तोंडानं सांगायचं, आणि आत्ता. फवारणी सकाळी होते, साहेब. संध्याकाळी दवाखाना होतो."

त्यांनी यादी काढली. पहिलं नाव नत्थुजी, गाव परतवाड्याकडचं. बराच वेळ रिंग गेली. कोणी उचलला नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.