लिलाबाईचं अर्धं गाणं

माझ्या कानाला एक वाईट खोड आहे. अनोळखी चाल कानावर पडली की ती पुरती हाती लागेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. किन्हीराजात लोक मला पुंजाजी मास्तर म्हणतात. शाळेशी माझा संबंध चौथीतच संपला, मी मास्तर आहे तो बँडचा. अकरा माणसं, एक टेम्पो, माझी क्लॅरिनेट आणि आसपासच्या तीन तालुक्यांतली लग्नं, एवढा आमचा संसार.

मागच्या वर्षी डिसेंबर लागता लागता वाशीमहून एक पाळकसाहेब मोटरसायकलवर आले. त्यांच्या लहानशा चर्चला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी गावातून फेरी काढायची होती. बँड आमचा, गाणी त्यांची.

"इंग्लिश असतीन," आमचा ढोलवाला गोलू म्हणाला. "घंट्या आनाव्या लागतीन, मास्तर."

मलाही तसंच वाटलं होतं. त्यांच्याकडे शब्दांचं पुस्तक होतं, पण चाली कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. त्या माणसांच्या तोंडात होत्या. आणि जिच्या तोंडात सगळ्यात जास्त होत्या ती म्हणजे लिलाबाई. सत्तरी ओलांडलेली, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, ताठ कण्याची आणि त्याहून ताठ जिभेची. चर्चच्या ओसरीवर खुर्ची टाकून ती गायची आणि मी समोर बसून क्लॅरिनेटवर चाल पकडायचो. दुपारी दोन तास, आठवडाभर.

काय सांगू, मी चाटच पडलो. एक गाणं थेट अभंगाच्या वळणाचं निघालं. एक ऐकून गोलू ओरडला, "मास्तर, हे तं आपल्या हळदीचं हाय!" एक इंग्रजी चालीचं होतं, सरळ पायऱ्या चढल्यासारखं वर जाणारं, आणि ते वाजवताना माझी बोटं नव्या सुनेसारखी अडखळायची. देवाचा जन्म एकच, आणि त्याला गायच्या तऱ्हा इतक्या! मला राहवेना. ओसरीवर जो येईल त्याला मी विचारू लागलो, तुमचं आवडतं गाणं कोणतं?

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना पहाटेचं एक संथ गाणं आवडायचं, कारण एका नाताळला ड्यूटीवर असताना त्यांनी ते एकट्यानं फलाटावर म्हटलं होतं. पाळकबाईंना जे आवडायचं ते त्या वसतिगृहात शिकल्या होत्या, आणि ते झाल्यावर करंज्या वाटत. कॉलेजातल्या पोरींना भराभर टाळ्या वाजवायचं आवडायचं. कारण विचारलं तर त्या हसत सुटल्या, म्हणजे कारण होतं. कुणालाच गाणं नुसतं आवडत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं.

पण एक गंमत होती. आपलं सांगून झालं की प्रत्येक जण म्हणायचा, "खरं तर लिलाबाईचं सवालाचं गाणं सगळ्यांत भारी. पण ते आता नाही होत."

"काहून नाई होत?" मी विचारायचो. मग माणसं नाताळसाठी करायला घेतलेल्या चांदणीचा कागद सारखा करायला लागायची, नाहीतर चहाकडे बघायची.

मी लिलाबाईच्या मागंच लागलो. पहिल्या दिवशी तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पुंजाजी, तुमी बँडवाले हा का पोलीसवाले?" चौथ्या दिवशी कंटाळली.

"एकडाव म्हनतो," ती म्हणाली. "मंग माह्या मांग लागाचं नाई."

तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

*कोण गं आलं मेंढवाड्याशी, मेंढरं बुजली सारी,*
*एवढ्या थंडीत, एवढ्या अंधारी, कोण उभं दारी?*

मेंढरं राखणारी बाई विचारते आहे, देवदूताला. चाल अशी की दर ओळीच्या शेवटी सूर वर जाऊन थांबतो, जसं आपण खरंच कुणाला विचारतो तसं. माझ्या अंगावर काटा आला. दोन ओळी झाल्या आणि लिलाबाई थांबली. डोळे मिटलेलेच, बोट मात्र मांडीवर ठेका धरून चाललेलं.

आता आमची जात सांगतो. वरातीत गाणं थांबलं की नाचणारे थांबतात, आणि नाचणारे थांबले की बँडवाल्याची इज्जत जाते. म्हणून दोन ओळींमध्ये चार मात्रा जरी रिकाम्या सापडल्या तरी आमचा ढोल तिथं घुसतो. हे आम्ही ठरवून करत नाही, हातच करतात. गोलूनं ढोलावर बोटांनीच, पण असा काही दणदणीत तुकडा मारला, आणि वर मीही क्लॅरिनेटची एक गिरकी टाकली. आम्हा दोघांना वाटलं, झकास जमलं.

लिलाबाईनं डोळे उघडले. मी लग्नघरची भांडणं पाहिलीत, वरमायांचा राग पाहिलाय, पण तसे डोळे पाहिले नव्हते.

"थे जागा रिकामी नाई," ती म्हणाली. "तिथं कस्तुराबाई गाते."

ती उठून आत गेली. गोलू मला म्हणाला, "कोन कस्तुराबाई?" आणि मी त्याला गप्प केलं. मग चहाचे कप घेऊन मीच आत गेलो. माफी मागितली. खरं सांगायचं तर माफीपेक्षा कुतूहल जास्त होतं.

कस्तुराबाई दवाखान्यात आया होती. कामरगावची, शेतकऱ्याच्या घरची, हिंदू. तीस वर्षं दोघींनी एकाच वॉर्डात बाळंतपणं काढली. एका नाताळला लिलाबाईनं हे गाणं वॉर्डात म्हटलं, तर कस्तुराबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, नुसतं विचारून राहिलीस तर उत्तर कोण देईल? आणि तिनं उत्तर रचून गायलं. तेव्हापासून सवाल लिलाबाईचा, जवाब कस्तुराबाईचा. काम सुटल्यावर कस्तुराबाई गावी गेली, तरी दर नाताळला एसटीनं यायची, चर्चमध्ये गायची आणि करंज्यांचा डबा घेऊन परत जायची.

"मंग?"

"पाच साल झाले. एक पाहुना आलता पुन्याचा. चहा पेता पेता तिच्यासमोर म्हने, गाणं छान, पण देवदूताचं उत्तर आपल्यातल्याच कोणी द्यावं. कस्तुरानं माह्याकडे पाह्यलं." लिलाबाईनं कप खाली ठेवला. "मी काईच बोलली नाई. मले वाटलं, पाहुना हाय, उद्या जाईन. थे हसली, डबा घेतला, गेली. दुसऱ्या साली आली नाई. मी फोन लावला. तिनं उचलला. तिचा श्वास ऐकू ये मले, पन बोलली नाई. पुन्हा लावला, तसंच. दोन-तीन दिसानं तिचाच फोन आला. मले राग आलता, मी कापला. दोनदा आला, दोनदा कापला. मंग नाई आला."

"जवाबाची चाल तरी म्हनून दाखवा."

"नाई येत. थे गाये तवा मी श्वास घेओ. म्हनाले गेली का माह्याच सवालाची चाल येते. आन् शब्द तिचे हायेत. मी नाई सांगनार."

दुसऱ्या दिवशी मी कामरगावला निघालो. लिलाबाईला सांगितलं नाही. दोघींचं जुळवायला निघालो होतो असं म्हटलं तर मला लोक चांगलं म्हणतील, पण खोटं कशाला बोलू? मला ती चाल पाहिजे होती. अर्धी चाल डोक्यात घेऊन मी दोन घास धड खाल्ले नव्हते. किन्हीराजाहून कारंजा, तिथून जीप, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. शेजारी एक बाई कापूस वेचायला निघालेली, तिनं विचारलं, "लगन हाय का कोनाचं?" मी म्हटलं, "नाई, एका गान्याचा पत्ता काढून राह्यलो." ती जरा सरकून बसली.

घर सापडलं. अंगणात उन्हात खाटेवर एक लहानशी म्हातारी बसलेली, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. सून, निता तिचं नाव, तुरीच्या शेंगा सोलत होती. मी लिलाबाईचं नाव काढलं तशी म्हातारी एकदम सावरून बसली. तोंड उघडलं. "ब… ब… ब…" एवढंच आलं, आणि तिनं डाव्या हातानं कपाळावर मारून घेतलं.

"लकवा मारला त्यायले," निता म्हणाली. "चार साल झाले. दिवाळीच्या नंतर. समजते समदं, बोलता येत नाई."

मी खाली बसलो. 

"फोन आलता लिलाबाईचा," मी म्हटलं.

"वाजला का ह्या उचलत, कानाले लावत. मी वावरात. आली तं ह्या रडून राह्यल्या. नंबरावर नाव नोतं, म्हनून मी लावला, दोनदा लावला. पुढच्या मानसानं कापला. म्हटलं, असन कोनी."

 अशा वेळी माणसानं काय बोलावं हे मला साठ वर्षांत आलं नाही. मी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडली आणि लिलाबाईचा सवाल वाजवला. दोन ओळी. शेवटचा सूर वर नेऊन थांबलो.

म्हातारीनं डोळे मिटले. ओठही मिटलेले, आणि आतून घशातल्या घशात चाल यायला लागली. शब्द नव्हते. सवाल जिथं वर थांबला होता तिथूनच तिनं सूर उचलला आणि हळूहळू खाली आणला, झोळीतल्या लेकराला खाली ठेवावं तसा. निताच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "बाई मा," ती म्हणाली, "चार सालात यायचा गाता आवाज नाई ऐकला."

मी तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा उत्तर आलं. चाल माझ्या हाती पुरती लागली होती. पण जीपमध्ये बसलो तर नेहमीसारखा आनंद काही झाला नाही.

वाशीमला ओसरीवर लिलाबाई फेरीतल्या गाण्यांची यादी करत बसली होती. मी न बोलता क्लॅरिनेट काढली आणि जवाब वाजवला. तिचा पेन थांबला.

"हे कुठून आनलं?"

मी सांगितलं. लकवा, फोन, श्वास, निता, सगळं. सांगताना तिच्याकडे पाहवेना म्हणून यादीकडे बघत होतो. तिनं यादीवर पेन आडवा ठेवला. मग म्हणाली, "मी नर्स होती, पुंजाजी. चाळीस साल. फोनवर नुसता श्वास ऐकू येते, आन् मले कळलं नाई. मले वाटलं थे रुसली." आणि ती रडायला लागली. ताठ बाई रडताना फार वाईट दिसते. मलाही रडू आलं, ते लपवायला मी क्लॅरिनेटचं तोंड पुसत बसलो.

चोवीसला फेरी झाली. आम्ही सगळी गाणी वाजवली, अभंगाचं, हळदीचं, पायऱ्यांचं, पोरींचं टाळ्यांचं. रेल्वेवाल्या आजोबांनी आमच्या पुढं चालत चालत पहाटेचं गाणं पूर्ण म्हटलं. लोक पाळकसाहेबांना विचारत, सवालाचं गाणं का नाही? मी घेऊ का, म्हणून लिलाबाईकडे पाहिलं तर तिनं नाही म्हणून मान हलवली. "आधी तिच्या दारी," ती म्हणाली.

पंचवीसला उपासना आटोपली आणि आमचा टेम्पो कामरगावच्या वाटेला लागला. पुढं ड्रायव्हरजवळ लिलाबाई, मांडीवर करंज्यांचा डबा. मागं आम्ही, वाद्यं झाकून ठेवलेली. गोलूला मी सक्त सांगितलं होतं, ढोलाला हात लावशील तर रस्त्यात उतरवीन.

अंगणात खाट होती तिथंच होती. लिलाबाई खाटेच्या कडेला बसली. डबा तिनं दोघींच्या मध्ये ठेवला. लिलाबाई वाटेत काय काय ठरवून आली असेल कोण जाणे, पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "कस्तुरे, तवा त्या पाहुन्यासमोर मी गप्प राह्यली. मंग तुहा फोन कापला. तू मले कधी माफ करशीन का व?"

कस्तुराबाईचं तोंड उघडलं. "ब… ब…" मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द फुटेना. निता पुढं झाली, "त्यायले बोलता…" आणि म्हातारीनं डाव्या हातानं तिला अडवलं. तोच हात तिनं लिलाबाईच्या मांडीवर ठेवला आणि बोटानं ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. मग डोळे मिटले. या वेळी ओठ उघडले, आणि जे शब्द चार वर्षांत कुणी ऐकले नव्हते, जे लिलाबाईनं मला सांगितले नव्हते, ते चालीवर, एकामागून एक, जरा बोबडे, पण सगळेच्या सगळे बाहेर आले:

*भिऊ नको बाई, भिऊ नको गं, हाक तुलाच दिली,*
*साऱ्या गावाची दारं सोडून वाट तुझी धरली.*

लिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि पुढच्या कडव्याचा सवाल म्हणायला लागली.