पहिली पाटी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी बांबूची एक जुनी पाटी आहे, धारूरच्या रहेमतबींची. माझा काठ उसवलाय, बूड एका बाजूला बसलंय आणि परवापरवापर्यंत माझ्यात कांदे भरून ठेवले होते. कांदे! जिनं उभा जन्म संत्री वाहिली, तिच्या अंगाला कांद्याचा वास! सांगते सगळं, ऐका.

मला घाटनांदूरच्या एका बुरडानं विणलं. हात असा बसलेला, की माझ्या बांबूच्या कामटीचं कुसळ कुणाच्या बोटात कधी शिरलं नाही. रहेमतबींनी मला उलटीपालटी करून पाहिलं, बुडावर थाप मारली आणि धारूरला आणलं. स्टँडसमोर आमचं दुकान. दुकान कसलं, एक पोतं आणि त्यावर मी!

संत्री यायची दिंद्रुडहून, छबुबाईंच्या मळ्यातून. छबुबाई म्हणजे रहेमतबींची जिवाभावाची मैतरीण. फळ कात्रीनं, देठ राखून काढायच्या. ओढून तोडलं की झाडाला लागतं, म्हणायच्या. दिवाळी सरली की माझ्यात गवत अंथरलं जायचं आणि वर ती ढिल्या सालीची, थोडी डागाळलेली संत्री. नख लावलं की साल सुटायची. वास असा सुटायचा, की पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडायचंच, "आली का गं छबूची संत्री?"

आमच्याकडे एक रीत होती. हंगामाची पहिली पाटी काट्यावर चढायची नाही, ती गल्लीत वाटायची. त्या दिवशी छबुबाई मुद्दाम दिंद्रुडहून यायच्या. मी ओट्यावर, आणि सगळी गल्ली उन्हात बसून संत्री खायची. पोरं एकमेकांच्या डोळ्यांत सालीचा रस उडवायची, म्हातारे फोडीवरचे पांढरे दोरे निवांत काढत बसायचे, बाया साली वाळवायला गोळा करायच्या. कुणी किती खाल्ली, कोण बघतंय? काय दिवस होते हो ते! आठवले की मला अजून भरून येतं.

मग रहेमतबींचे गुडघे गेले आणि धंदा त्यांच्या मुलानं, अशफाकनं, हातात घेतला. पोरगा कष्टाळू, बोलायला गोड. पण त्यानं प्लॅस्टिकचे क्रेट आणले. एकावर एक रचता येतात, म्हणे. रचा बाबा! मी गेले कोपऱ्यात. तरी दर साली पहिल्या दिवशी रहेमतबी मला पुसून त्याच्या हाती द्यायच्या. यंदा त्या तापानं पडल्या आणि अशफाक मला न घेताच दिंद्रुडला गेला. येताना स्टँडवर लग्नाचं वऱ्हाड भेटलं. त्यानं तिथंच काटा लावला आणि सगळं फळ विकून टाकलं.

दुपारी छबुबाई आल्या. ओट्यावर बसल्या, इकडंतिकडं बघू लागल्या. गल्लीत सालीचा तुकडा नव्हता.

"अशफाक, संत्री कुठं हाईत रे?"

"विकली की मावशी. हातोहात गेली!"

"पहिली पाटी विकली?"

"पाटी कुठं होती? क्रेटमधी आणली मी," तो हसून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की पाटी नाही तर रीतही नाही.

छबुबाईंचं तोंड उतरलं. "मी ती विकायला दिली न्हवती रे. आता माझं फळ माजलगावला जाईल. तिथं निदान सगळे परके हाईत."

चहासुद्धा न घेता त्या निघाल्या. रहेमतबी अंथरुणातून हाका मारत राहिल्या आणि मग पदरात तोंड घालून रडल्या. उभ्या जन्माची मैत्री अशी उंबऱ्यावरून उठून गेली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच त्यांनी कांदे जमिनीवर ओतले, मला स्वच्छ पुसलं.

"टेम्पो काढ."

"अम्मी, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे हाईत आन् मैतरीण बी माझीच हाय. काढ म्हणते ना!"

दिंद्रुडला छबुबाई विहिरीपाशी बसल्या होत्या. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. रहेमतबींनी मला रिकामीच त्यांच्यापुढं ठेवली.

"छबू, पोराची चुकी झाली. फळ खुशाल माजलगावला घाल. पण माझ्याशी बोलणं कावून बंद करतीस?"

"मावशी, चुकलं माझं," अशफाक मान खाली घालून म्हणाला. "दुसरी पाटी भरून द्या, सगळी वाटतो."

"दुसरीला पहिली कसं म्हणावं रे? पहिली एकदाच येती."

मग छबुबाईंनी डोळे पुसले आणि बांधाकडं बोट केलं. "ते पल्याडचं झाड उशिरा येतं. त्याला अजून कात्री लागली न्हाई. त्याची पहिलीच की!"

"पण मावशी, कच्ची हाईत ती."

"मग? कच्चं खाऊन कुणी मरतंय का?" रहेमतबी रडता रडता हसल्या.

अशफाकनं एकेक फळ देठ राखून काढलं. हिरवट, टणक संत्र्यांनी मी भरले. टेम्पोत दोघी मैतरणी शेजारी शेजारी बसल्या आणि मी त्यांच्या मांडीवर.

गल्लीत अशफाक स्वतः दारोदार वाटत फिरला. साल काही सुटेना, लोकांची नखं दुखली. पहिली फोड तोंडात गेली आणि काय सांगू, एकेकाचे डोळे मिटले, दात आंबले, कान लाल झाले! शेजारच्या मनकर्णाबाई मीठ आणायला घरात पळाल्या.

मित्रांनो, म्हणून तुम्हांला हात जोडून विनवते. जुनी वस्तू टाकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, हिच्याबरोबर आणखी काय जाईल? आणि फळ हंगामातच खा, चार माणसांत बसून खा. एकट्यानं खाल्लेल्या गोड फळाची आठवण कुणी सांगत नाही.

छबुबाई ओट्यावरून सगळ्यांची तोंडं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"कशी हाईत रे संत्री?"

सगळी गल्ली तोंड वाकडं करून एका सुरात ओरडली, "लई गोड!"